सात अठराची अंबरनाथ

१९९७ सालच्या पावसाळ्यातली संध्याकाळ. ६.१० ला कांजूरमार्ग आणि भांडुपच्या मध्ये झाडाची एक मोठी फांदी ओव्हरहेड वायरवर पडली. त्या भागाची वीज गेली आणि दोन्ही फास्ट लाइन जागच्या जागी थांबल्या. माणसं धावली, वायर दुरुस्त करणारी टॉवर वॅगन आली, फांदी कापून काढली, वायर तपासली, आणि ६.५० ला फोनवर शब्द आले, "लाइन दिली." चाळीस मिनिटं. भर पावसात, पाण्यानं निथळणाऱ्या वायरखाली चाळीस मिनिटांत काम उरकणाऱ्या त्या माणसांना मी आजही मनोमन हात जोडतो.

माझी बायको मात्र त्या रात्री डोंबिवलीला घरी पोचली साडेअकराला. तिची रोजची ७.१८ची अंबरनाथ फास्ट मी रद्द केली होती. ती व्हीटीच्या फलाटावर उभी होती आणि मी त्याच स्टेशनच्या आवारात, कंट्रोलमध्ये, म्हणजे कोणती गाडी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या खोलीत, पेन्सिल हातात घेऊन बसलो होतो. (व्हिक्टोरिया टर्मिनसचं नाव १९९६ मध्येच बदललं होतं, पण आम्हा सगळ्यांच्या तोंडी अजून व्हीटीच होतं.)

मी १९८४ साली सहायक स्टेशनमास्तर म्हणून रेल्वेत लागलो, पुढे उपनगरी कंट्रोलमध्ये आलो, आणि शेवटची काही वर्षं वेळापत्रकाच्या कामात घालवून २०२० च्या अखेरीस निवृत्त झालो. या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. शेजाऱ्यांनी विचारला, नातेवाइकांनी विचारला, लग्नकार्यात पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनीही विचारला: बिघाड दुरुस्त झाला म्हणता, मग गाड्या वेळेवर यायला मध्यरात्र का होते? याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून मी बहुतेक वेळा गप्प बसलो. ते आता नीट सांगावंसं वाटतं.

आधी कंट्रोलमधला चार्ट कसा असे ते सांगतो. टेबलभर पसरलेला कागद. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं: वर व्हीटी, मग मशीद, भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, दिवा, डोंबिवली, आणि खाली कल्याण. प्रत्येक लोकल म्हणजे एक तिरकी रेघ. स्लोची रेघ कलती, फास्टची अधिक उभी. खाली जाणाऱ्या डाउनच्या आणि वर येणाऱ्या अपच्या रेघा एकमेकींना छेदत जातात, आणि संध्याकाळच्या चार्टवर नुसतं जाळं दिसतं. थांबलेल्या गाडीची रेघ आडवी होते, कारण वेळ पुढे सरकते आणि गाडी सरकत नाही. त्या दिवशी ६.१० नंतर माझ्यासमोरच्या कागदावर एकाखाली एक आडव्या रेघा पडत गेल्या. ज्यानं असा चार्ट भरला आहे त्याला ती रेघ ओढताना हातात काय होतं ते माहीत आहे. त्या प्रत्येक रेघेत माणसं उभी असतात, दारात लटकलेली असतात, घरी लहान मूल पाळणाघरात ठेवलेलं असतं.

प्रवाशाच्या लेखी ७.१८ची अंबरनाथ ही एक गाडी. कंट्रोलमध्ये ती तीन वेगवेगळ्या गोष्टींची गाठ असते. पहिली गोष्ट रेक, म्हणजे डब्यांचा तो संच. दुसरी मोटरमन. तिसरी गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. हे तिघं दिवसभर एकत्र फिरतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. रेकची लिंक वेगळी, मोटरमनची वेगळी, गार्डची वेगळी. लिंक म्हणजे दिवसभरात कोणी कोणत्या गाडीमागून कोणती गाडी करायची याची साखळी. मोटरमन एक लोकल कल्याणला नेतो, उतरतो, डबा खातो, आणि परतीला दुसऱ्याच रेकवर चढतो. त्याला आणि रेकला सारखी विश्रांती लागत नाही, म्हणून ही सोय. रोजच्या दिवशी ही सोय फार हुशारीची ठरते. बिघाडाच्या दिवशी तीच गळ्याशी येते.

त्या संध्याकाळी साडेसहाला ७.१८ची स्थिती अशी होती. तिचा रेक कल्याणहून येणाऱ्या अप फास्टचा, तो ७.०६ ला व्हीटीला यायचा होता. तो मुलुंडच्या सिग्नलला उभा. तिचा मोटरमन दुसऱ्याच एका ठाणे लोकलनं व्हीटीला येऊन, चहा पिऊन या गाडीवर चढायचा होता. तो भांडुपला अडकलेला. गार्ड मात्र व्हीटीच्या लॉबीत गणवेश घालून, झेंडे घेऊन तयार. तिघांपैकी एक जागेवर आणि दोघं वाटेत, तेही दोन वेगवेगळ्या गाड्यांत. अशी एक गाडी असती तर तासाभरात जमवून टाकली असती. त्या वेळी माझ्यासमोर अशा वीसेक होत्या.

मोटरमन स्पेअर असतात, पण किती? त्या संध्याकाळी लॉबीत चौघं होते. त्यांतल्या दोघांचं कल्याणच्या पुढचं रोड लर्निंग झालेलं नव्हतं. मोटरमनला ज्या मार्गाची खात्रीची ओळख आहे, सिग्नल कुठे, चढ कुठे, वळण कुठे, हे त्यानं प्रत्यक्ष शिकून सही केली आहे, त्याच मार्गावर त्याला गाडी द्यायची हा नियम आहे, आणि तो मोडायचा नाही. माणूस मोकळा आहे म्हणून त्याला अंबरनाथला पाठवता येत नाही. शिवाय प्रत्येकाच्या कामाचे तास मोजलेले. दुपारपासून चालवत असलेला मोटरमन चाळीस मिनिटं सिग्नलला उभा राहिला तरी ती चाळीस मिनिटं त्याच्या ड्यूटीतच धरली जातात. मग त्याच्या साखळीतली शेवटची गाडी त्याला देता येत नाही, आणि रात्री नऊची जी लोकल सहा वाजता पूर्ण सुरक्षित दिसत होती, ती सात वाजता अनाथ होते. बिघाडापासून तीन तास पुढे, पन्नास किलोमीटर लांब.

रेकचंही तसंच. तेव्हा नऊ डब्यांचे आणि बारा डब्यांचे रेक बरोबरच धावत. बाराच्या जागी नऊ लावला तर गाडी धावते, पण फलाटावर ठरलेल्या जागी उभ्या राहिलेल्या बायकांच्या समोर लेडीज डबा येतच नाही आणि सगळी धावाधाव होते. अशा धावपळीत माणूस पडतो. पुढे डीसीवरून एसीवर, १,५०० व्होल्टवरून २५,००० व्होल्टवर जाण्याचं काम काही वर्षं चाललं. मेन लाइनवर ते २०१५ च्या जूनमध्ये पुरं झालं. त्या काळात काही रेक दोन्हीवर चालणारे आणि काही फक्त डीसीवर चालणारे, तेव्हा कोणता रेक कुठवर जाऊ शकतो हे मनात पक्कं ठेवावं लागे. आता एसी लोकल आहेत, आणि त्यांचे पास वेगळे आहेत. पंधरा डब्यांच्या गाड्या आहेत, त्या सगळ्या फलाटांवर मावत नाहीत. दिसायला सगळ्या लोकल सारख्याच, पण एकीच्या जागी दुसरी लावायला दरवेळी काहीतरी आडवं येतं.

आता हिशेबाचा भाग. हा मी नव्यानं आलेल्या प्रत्येक मुलाला फळ्यावर करून दाखवत असे.

समजा गर्दीच्या वेळी एका लाइनवर दर चार मिनिटांनी एक लोकल आहे. सिग्नल आणि ब्रेक यांचा विचार करता अगदी जवळ आणल्या तरी दोन लोकलमध्ये तीन मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येक लोकलमागे आपण एक मिनिट कमावू शकतो. चाळीस मिनिटं तुंबलं, तर ते भरून काढायला चाळीस लोकल लागतील, दर तीन मिनिटांनी एक. म्हणजे लाइन मोकळी झाल्यावर दोन तास. हे झालं एकही गोष्ट बिघडली नाही तर. प्रत्यक्षात चाळीस मिनिटांची गर्दी फलाटांवर साचलेली असते. वीस-तीस सेकंदांचा थांबा मिनिटाचा होतो, कारण आतला माणूस उतरू शकत नाही आणि बाहेरचा चढू शकत नाही. तीन मिनिटांची साडेतीन झाली की प्रत्येक लोकलमागे हातात उरतं अर्धं मिनिट. मग चाळीसऐवजी ऐंशी लोकल लागतात, आणि वेळ लागतो चार तास चाळीस मिनिटं. ६.५० मध्ये ते मिळवा. साडेअकरा वाजतात. माझी बायको बरोबर साडेअकराला घरी पोचली, हा योगायोग असेल, पण तो हिशेब फळ्यावर मांडताना दरवेळी माझ्या लक्षात यायचा.

त्यात पहिली उशिरा आलेली लोकल सगळी गर्दी उचलते, ती आणखी उशिरा होते, तिच्या मागच्या दोन तिला येऊन चिकटतात आणि अर्ध्या रिकाम्या येतात. याला आम्ही बंचिंग म्हणतो. एकदा बंचिंग झालं की चार मिनिटांचं अंतर परत बसवणं म्हणजे सुटलेल्या माळेचे मणी चालत्या गाडीत ओवणं.

फलाटांचं गणित वेगळं. व्हीटीला लोकलसाठी आजही सात फलाट आहेत, त्यांतले पहिले दोन हार्बरचे. तीन गाड्या लागोपाठ आल्या आणि त्यांना परत नेणारे मोटरमन नसले की त्या फलाट अडवून बसतात. मग पुढच्या गाड्या मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा अशा एकामागे एक उभ्या राहतात, आणि त्यांतच नेमके ते मोटरमन अडकलेले असतात ज्यांच्याविना फलाटावरच्या गाड्या हलत नाहीत. ही गाठ बसली की ती फक्त कापूनच सुटते. कापणं म्हणजे गाडी रद्द करणं, किंवा कल्याणची गाडी ठाण्यालाच संपवून तिथूनच उलटी फिरवणं.

वेळापत्रक सावरायला हाच एक उपाय आहे हे मी ठामपणे सांगतो. वेग वाढवून उशीर भरून निघत नाही. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला वेग वाढवायला जागाच कुठे असते? चाळीस लोकलपैकी दहा काढून टाकल्या तर उरलेल्या तिसांना श्वास घेता येतो, रेक आणि मोटरमन पुन्हा एकमेकांना सापडतात. काढून टाकलेल्या दहांच्या प्रवाशांना मात्र ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

माझी चूक इथेच झाली.

साडेसहालाच चार्ट मला सांगत होता की ७.१८ होणार नाही. मुलुंडचा रेक, भांडुपचा मोटरमन, दोघंही वेळेत येणं शक्य नव्हतं. शेजारी बसलेले आमचे ज्येष्ठ सहकारी माझ्या कागदावर वाकून म्हणाले, "जी गाडी नाहीच, तिला चार्टवर ठेवू नकोस. खोड." मी खोडरबर हातात घेतला आणि ठेवून दिला. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार हजारांवर माणूस असतो, आणि त्यांतली एक माझी होती. मला वाटलं, लाइन लवकर मिळाली तर, दुसरा रेक सापडला तर, ठाण्याहून मोटरमन आला तर. ६.५० ला लाइन मिळाली तेव्हा तर आशा आणखी वाढली. मी एक रेक दुसऱ्या गाडीच्या तोंडचा काढून ७.१८ला लावून पाहिला, तेव्हा ७.२४ची कल्याण उघडी पडली. परत फिरवलं. शेवटी ७.२२ ला, म्हणजे गाडीची वेळ टळून चार मिनिटं झाल्यावर, मी ती रद्द केली. खाली घोषणा झाली तेव्हा साडेसात होत आले होते.

सकाळी मी घरी पोचलो. बायको रागावली असेल अशी माझी तयारी होती. तिनं चहा पुढे ठेवला आणि इतकंच म्हणाली, "अहो, गाडी रद्द झाली याचं मला काही नाही. मला साडेसहाला कळलं असतं तर मी ऑफिसातच बसले असते, नऊला निघाले असते. तुम्ही मला उभं केलंत."

या वाक्याचं उत्तर मला कंट्रोलच्या कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. मी तिला समजावायचा प्रयत्न केला. घोषणा म्हणजे दिलेला शब्द असतो. आत्ता म्हटलं चार नंबरवर येईल आणि आली सहा नंबरवर, तर हजार माणसं पुलाकडे धावतात आणि चेंगराचेंगरी होते. म्हणून पक्कं झाल्याशिवाय कोणी बोलत नाही, आणि पक्कं काहीच होत नसतं, कारण एका गाडीचं ठरवलं की दुसरीचं बिघडतं. ती ऐकून म्हणाली, "मग एवढंच सांगायचं. दोन तास काही खरं नाही, बसून घ्या." तिचं बरोबर होतं. नंतरच्या वीस-बावीस वर्षांत मी जिथे जिथे बसलो तिथे लवकर रद्द करण्याच्या बाजूनं भांडलो. होणार नसलेली गाडी कागदावर जिवंत ठेवणं हा माणसांवरचा अन्याय आहे असं मी मानतो. वरिष्ठांना रद्द गाड्यांचा आकडा मोठा दिसतो आणि त्याचा जाब विचारला जातो, म्हणून हात कचरतो, हे मला ठाऊक आहे. माझाही कचरत होता.

कॉम्प्युटर आल्यावर काय बदललं, असं आता विचारतात. खूप बदललं. ट्रेन मॅनेजमेंट सिस्टिममुळे कोणती लोकल कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, स्टेशनमास्तरांना फोन करकरून विचारावं लागत नाही. इंडिकेटरवर मिनिटं दिसतात. पण भांडुपला अडकलेल्या मोटरमनला भूक लागली आहे का, तो थकला आहे का, त्याला आणखी एक फेरी देता येईल का, हे अजून माणूसच माणसाला विचारतो. आणि कोणती गाडी खोडायची हा निर्णयही माणसाच्याच मानेवर असतो.

वेळापत्रकाच्या कामात गेल्यावर मला त्याच प्रश्नाचं मोठं रूप भेटलं. एका संध्याकाळची घडी बसवायला पाच तास लागतात, तर सबंध वेळापत्रक बदलायला महिने का लागतात? दिव्याचं उदाहरण देतो. २ जानेवारी २०१५ ला सकाळी ठाकुर्लीजवळ एका लोकलचा पँटोग्राफ तुटून गाड्या खोळंबल्या आणि दिव्याला प्रवासी रुळांवर उतरले. दगडफेक झाली, वाहनं जळली, कितीतरी तास मेन लाइन ठप्प राहिली. जे घडलं ते वाईट होतं. पण दिव्याच्या माणसाचं दुखणं खोटं नव्हतं. फास्ट गाड्या त्याच्या डोळ्यांसमोरून न थांबता जात, आणि स्लो यायची ती कल्याण-डोंबिवलीहूनच भरून. फास्ट थांबवा, एवढीच त्याची मागणी.

अर्ध्या मिनिटाचा थांबा. कागदावर तो अर्ध्या मिनिटाचा नसतो. ब्रेक लावून गाडी उभी करणं, माणसं चढणं-उतरणं, पुन्हा वेग घेणं यात दोनेक मिनिटं जातात. तिच्या मागची फास्ट तिला चिकटते, म्हणून तीही दोन मिनिटं मागे. ठाण्याला तिची जागा हुकते. पलीकडे कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे आणि कर्जतकडे जायला-यायला एकेकच लाइन आहे, आणि त्यावरून लोकल, मेल, मालगाड्या सगळ्याच जातात. तिथे दोन मिनिटांनी हुकलेली कसारा लोकल एखाद्या मेलच्या मागे पडली की दोनाची पंधरा होतात. आणि ती मेल आमच्या हातातली नसते. ती येते हावड्याहून, गोरखपूरहून, चेन्नईहून, तिची वेळ पाच-सहा राज्यांतल्या वेळापत्रकांना बांधलेली. शिवाय दिव्याला फास्ट लाइनवर आधी फलाट हवेत, ते बांधायला ब्लॉक, म्हणजे लाइन बंद ठेवून कामाला दिलेला वेळ, हवेत, आणि ब्लॉक म्हटला की त्या रविवारच्या गाड्या रद्द. २०१६ च्या डिसेंबरात दिव्याला फास्ट लोकल थांबू लागल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या माझ्या शेजाऱ्यांनी मला विचारलं, "आमची गाडी आता दोन मिनिटं उशिरा का पोचते हो?"

असं प्रत्येक मिनिट कोणाच्या तरी खिशातून काढून दुसऱ्याला द्यावं लागतं. प्रवासी संघटनांशी बसावं लागतं, त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. बदलापूरवाल्यांना जास्त गाड्या हव्यात, ठाणेकरांना ठाण्याहूनच सुटणारी हवी, टिटवाळ्याला गणपतीच्या चतुर्थीचा विचार हवा. यांतली एकही मागणी गैरवाजवी नाही. रूळ तेवढेच आहेत.

एकदाच असं झालं की चार्ट पूर्ण कोरा मिळाला. २२ मार्च २०२० च्या रात्रीनंतर लोकल थांबल्या. युद्धात, दंगलीत, बॉम्बस्फोटांनंतरही इतका काळ न थांबलेल्या लोकल कारशेडमध्ये उभ्या राहिल्या. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी त्या पुन्हा सुरू करायच्या ठरल्या, तेव्हा मला वाटलं होतं, मोजक्या गाड्या, रूळ मोकळे, हे तर सोपं. ते सोपं नव्हतं. आमचे मोटरमन आणि गार्ड कर्जत, कसारा, टिटवाळा, पनवेल असे विखुरलेले. गाडी चालवणाऱ्याला गाडीपर्यंत आणायला आधी एक गाडी लागत होती. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी ज्या थोड्या खास गाड्या चालू होत्या, त्यांच्या वेळांवर आम्ही सगळी लिंक उभी केली. तीन महिने बंद असलेलं यंत्र सुरू करतानाही पहिली गाठ माणसांचीच होती.

पुन्हा त्या १९९७ च्या रात्रीकडे येतो, कारण ७.१८ची गोष्ट साडेअकराला संपली नाही.

रद्द झालेली गाडी तेवढ्यापुरती रद्द होत नाही. तो रेक अंबरनाथला जाऊन परत व्हीटीला यायचा होता, पावणेअकराच्या सुमारास कर्जतला निघायचा होता, आणि रात्री कर्जतला झोपायचा होता. तिथूनच तो भल्या पहाटे, मुंबई झोपेत असताना, अप लोकल म्हणून निघणार. ७.१८ खोडली आणि ती साखळी तुटली. तो रेक शेवटी ठाण्याला कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचं काम करत अडकला. माझी पाळी केव्हाच संपली होती, पण उठवेना. रात्री बारा वाजता मोजणी केली: कर्जतला एक रेक कमी. तो पहाटेपर्यंत पोचला नाही तर उद्या सकाळची पहिलीच गाडी जाणार, आणि आजचा गोंधळ उद्याच्या अंगावर चढणार.

कल्याणला एक बारा डब्यांचा रेक मोकळा होता, स्पेअर मोटरमनही होता. तो रिकामाच कर्जतला पाठवायचा असं ठरवून मी कल्याणला फोन केला. तिकडून स्टेशनमास्तर म्हणाले, "साहेब, फलाटावर शंभर-सव्वाशे माणसं आहेत. बायका आहेत. शेवटच्या कर्जतमध्ये शिरताच आलं नाही त्यांना. रिकामी गाडी त्यांच्या समोरून नेऊ?"

रिकामी नेली तर न थांबता जाते. माणसं घेतली तर विठ्ठलवाडीपासून भिवपुरीपर्यंत प्रत्येक स्टेशनला थांबवावी लागते. आणि त्या लाइनवर रात्रीच्या कामासाठी ब्लॉक मंजूर झालेला होता. ओव्हरहेडची माणसं साहित्य घेऊन वाट पाहत होती. संध्याकाळी फांदी काढणारी टोळी त्यांच्याच खात्याची. रात्री गाड्या नसतात ते दोन-तीन तास हीच त्यांची कामाची वेळ. त्यांतलं प्रत्येक मिनिट मी प्रवाशांना दिलं तर ते त्यांच्या दुरुस्तीतून जाणार, आणि न झालेली दुरुस्ती म्हणजे पुढच्या कुठल्या तरी दिवसाचा बिघाड. मी त्यांच्या सुपरवायझरला फोन लावला. तो दिवसभराचा थकलेला होता, आवाजावरून कळत होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वीस मिनिटं दिली. पहाटे परत मागू नका."

१२.५० ला ती गाडी कल्याणहून सुटली, सगळीकडे थांबत गेली. वांगणी सुटली, शेलू सुटलं, नेरळ सुटलं, एकेक फोन येत होता आणि मी एकेक तिरकी रेघ ओढत होतो. १.५५ च्या पुढे कर्जतहून फोन आला, "लागली." पहाटेची गाडी वेळेवर निघाली.

पहिल्या डाउन लोकलनं मी डोंबिवलीला आलो. तोच चहा, तेच तिचं वाक्य, जे वर सांगितलं. बोलणं झाल्यावर ती डबा भरायला उठली. तिची सकाळची फास्ट कल्याणहून यायची, आणि त्या दिवशीच्या लिंकप्रमाणे तिला लागणारा रेक तोच होता: पहाटे कर्जतहून निघून, व्हीटीला जाऊन, परत कल्याणला आलेला. छत्री घेऊन दारात उभी राहून तिनं विचारलं, "आज आहे ना माझी गाडी?"

"आहे," मी म्हटलं. "वेळेवर आहे."

ती जिना उतरून गेली. मी गॅलरीत उभा राहून ऐकत राहिलो. पाऊस थांबला होता. थोड्या वेळानं कल्याणच्या बाजूनं हॉर्न आला.